गुलाबाची नाडी

हर्षदा बोरस्ते यांच्याकडून दाढ काढून घ्यायला लोक पार निफाड-चांदवडहून नाशकात यायचे. गंगापूर रोडवरचा दवाखाना लहानसाच, पण बाईंचा हात असा हलका की पेशंटचं ‘आई गं’ तोंडातून निघायच्या आत दाढ ट्रेमध्ये पडलेली असायची. अशा बाईला गुलाबाची एक साधी फांदी कापता येत नाही, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. म्हणून तिच्या नवऱ्यानं, जयवंतनं, ते कुणाला सांगितलंच नव्हतं.

जयवंतचा तर जन्मच कापण्यात गेला होता. दिंडोरीच्या बाजूला त्याची द्राक्षबाग होती आणि ऑक्टोबर आला की छाटणीवाल्यांच्या टोळ्यांबरोबर तोही हातात सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन ओळीला लागायचा. द्राक्ष असो की गुलाब, पावसाळा संपला की छाटावंच लागतं. न छाटलेलं झाड नुसतं उंच वाढतं, आतून वाळतं आणि फुलायचं विसरतं. गुलाबाचंही असंच असतं हे त्याला हर्षदानंच लग्नानंतर शिकवलं होतं, कारण त्याला फक्त द्राक्षातलं कळत होतं आणि तिला गुलाबातलं.

बंगल्यामागची ती गुलाबाची बाग म्हणजे हर्षदाचा जीव की प्राण. येवल्याच्या माहेरी ती आणि तिचा धाकटा भाऊ सुहास लहानपणापासून एका गुलाबाचे पराग चित्रकलेच्या ब्रशनं दुसऱ्या गुलाबावर लावायचे आणि बी धरायची वाट बघत बसायचे. शेकडो रोपं आली नि गेली. त्यातलं एकच असं निघालं की दोघं खुळावले. चिंचेनं नुकतंच घासलेल्या तांब्यासारखा त्याचा रंग, आणि वास म्हणाल तर पिकलेल्या पेरूचा. हर्षदानं ते रोप लग्नात पाठवणीच्या गाडीत मांडीवर घेऊन आणलं होतं. घरात सगळे त्याला ‘तांब्या’च म्हणायचे. जगाच्या पाठीवर त्या जातीचं ते एकच झाड होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात हर्षदा तांब्याची छाटणी करत होती. मधली मोठी फांदी कापली आणि खिशातला फोन वाजला. सुहासची गाडी घाटात उलटली होती. दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला होता.

पुढच्या वर्षी तिनं मन घट्ट करून पुन्हा सिकेटर उचललं. दोन-चार फांद्या कापून होतात न होतात तोच फोन वाजला. ट्रॅक्टरवरून पडून जयवंतचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. त्याचं हाड दीड महिन्यात जुळलं. पण हर्षदाच्या मनात जे जुळलं ते काही केल्या सुटेना. मी कापलं की माझं माणूस जातं.

“मला कळतं हो, हे खोटं आहे,” ती जयवंतला म्हणायची. “मी शिकलेली बाई आहे. पण हातालाच पटत नाही, त्याला काय करू?”

त्या भीतीच्या मागोमाग दुसरं आलं. दवाखाना आधी दुपारचा बंद झाला, मग पूर्णच. ती रडत नव्हती. रडली असती तर जयवंतला निदान काही सुचलं असतं. ती मागच्या दारातल्या खुर्चीवर बागेकडे पाठ करून बसायची, समोरच्या चहावर साय धरायची, आणि अंघोळ करून झाली म्हणजे डोंगर चढून आल्यासारखी दमायची. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. रुबीना काझींच्या औषधांनी खूप फरक पडला. झोप लागू लागली, पोळी घशाखाली उतरू लागली. खुर्चीचं तोंड मात्र बागेकडे वळलं नाही.

जयवंतला आपल्या परीनं एक उपाय सापडला होता. तो दिवसभर फोन करायचा. पोचलो. जेवलो. फवारणी चालू आहे, मी लांब उभा आहे. निघालो. हर्षदा “बरं” म्हणायची, आणि तिचा सुटकेचा श्वास त्याला फोनमध्ये ऐकू यायचा. यापेक्षा वेगळं प्रेम कसं करतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

आता या ऑक्टोबरात तांब्याच मरायला टेकला होता. दोन वर्षं छाटणी नाही, त्यामुळे शेंड्यांपासून फांद्या काळ्या पडत खाली सरकत होत्या. गुलाबवाले त्याला डायबॅक म्हणतात. तो काळा रंग बुंध्यापर्यंत पोचला की झाड संपलं. कलम करायला डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, काढून दुसऱ्या खुंटावर भरायचा म्हटलं तरी आधी फांदी कापावीच लागते. थंडी पडायच्या आत कुणीतरी सिकेटर चालवायला हवं होतं.

आणि इथं जयवंतनं घोडचूक केली.

दोन हजार छत्तीस सालच्या गारपिटीनंतर नाशिकच्या द्राक्षबागांमध्ये ‘नाडी’ नावाचं यंत्र घरोघरी झालं होतं. दिसायला कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढं. वेलीच्या खोडाला लावायचं, बस. वनस्पतींना मेंदू नसतो, मज्जातंतू नसतात, तरी त्यांच्या आतून विजेचे अगदी क्षीण संदेश सतत फिरत असतात. मुळाला पाणी कमी पडलं, पानावर अळी बसली, बुरशीनं शिरकाव केला, की त्या जागेच्या पेशींमधले क्षार आतबाहेर होतात आणि त्या हालचालीची एक लाट झाडभर पसरते. नाडी ती लाट पकडायची, फोनच्या पडद्यावर रेघ काढायची आणि कानात लावलं तर तिचा गुणगुणल्यासारखा आवाजही ऐकवायची. पानावर डाग दिसायच्या कितीतरी आधी शेतकऱ्याला कळायचं की वेलीचं काहीतरी बिनसलंय. निम्मी औषधं वाचली होती त्या चिमट्यानं.

जयवंतचा नाडीवर देवासारखा विश्वास. कापल्यानं काही वाईट होत नाही हे आपण सांगून पटत नसेल तर यंत्र सांगेल, असं त्याच्या शेतकरी डोक्यात आलं. वेली छाटताना रेघेकडे बघत बसायला कुणाला वेळ असतो? त्यानंही कधी बघितलं नव्हतं. एका सकाळी त्यानं हर्षदाला हाताला धरून तांब्यासमोर आणलं, चिमटा लावला, फोन तिच्यापुढे धरला आणि आवाज मोठा केला.

“ही रेघ बघ. सरळ आहे ना? आता मी एवढीशी काडी कापतो. बघ, हलणारसुद्धा नाही.”

त्यानं काडी कापली. क्षणभर काहीच झालं नाही. मग रेघ ताडकन वर चढली आणि संथ गुणगुण अशी चिरकली की शेजारच्या कुंपणावरची साळुंकी उडाली. त्याच क्षणी त्याचा फोन वाजला.

फोन खताच्या दुकानाचा होता, पोती आलीत म्हणून. पण हर्षदाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“ओरडलं ते,” ती म्हणाली. “ऐकलंत ना? ओरडलं.” आणि ती आत गेली ती दोन दिवस जेवायला उठली नाही.

जयवंतनं कपाळावर हात मारून घेतला. चिमटा काढायचंही त्याला भान राहिलं नाही.

त्या आठवड्यात एक विचार त्याच्या मनात सारखा डोकवायचा. पहाटे गोळीमुळे ती गाढ झोपेत असते. तेवढ्यात गुपचूप सगळी बाग छाटून टाकली तर? हे काम त्याच्या हातचा मळ होतं. तो डॉ. काझींना विचारायला गेला, म्हणजे खरं तर परवानगी मागायला गेला.

डॉक्टरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, खताच्या दुकानाच्या फोनला मनापासून हसल्या, आणि म्हणाल्या, “जयवंतभाऊ, तुम्ही छाटलंत तर झाड वाचेल. बाई नाही वाचायच्या. त्यांच्या भीतीला तुम्हीही मान दिलात असं होईल.”

“मग नुसतं बघत राहू?”

“भीती कशी असते सांगू? ती चढते, एका उंचीवर पोचते आणि मग आपली आपण उतरते. शरीराला तेवढं भेदरलेलं राहणं परवडतच नाही. पण हर्षदाताई दर वेळी ती वर असतानाच पळतात. त्यांनी चढ पाहिलाय, उतार कधी पाहिलेलाच नाही. थांबून एकदा उतार बघितला की मेंदू नवीन गोष्ट शिकतो.” मग त्या जरा थांबल्या. “आणि तुम्ही दिवसातून किती फोन करता हो?”

जयवंतनं सांगितलं. सांगताना छाती थोडी फुगली होती.

“बंद करा ते,” डॉक्टर म्हणाल्या. “दर वेळी तुम्ही ‘मी ठीक आहे’ म्हणता, तेव्हा भीती उतरायच्या आधीच तुम्ही तिला खाली उचलून ठेवता. ताईंना वाटतं, फोन आला म्हणून वाचलो.”

परत येताना जयवंतला रडूच आलं. इतकी वर्षं जे औषध म्हणून पाजलं तेच बाधत होतं, हे कुणालाही ऐकवत नाही.

शेतावर जाऊन त्यानं सवयीनं फोनवर बागेच्या रेघा उघडल्या. प्लॉट एक, प्लॉट दोन, आणि सगळ्यात खाली एक अनोळखी रेघ. मग त्याला आठवलं. चिमटा तांब्यावरच राहिला होता, आणि बिचारा आपलं काम करत होता.

जयवंतनं रेघ मागे सरकवली. काडी कापली त्या क्षणाचा सुळका दिसला. तो सुळका पुढे उतरत गेला होता आणि संध्याकाळच्या आत रेघ पहिल्यासारखी निवांत झाली होती. नंतरचे चार दिवस काही नाही. आणि त्यानंतर एक बारीक, नियमित लहर सुरू झाली होती, जी कापण्याच्या आधी नव्हतीच. तो तसाच घरी आला आणि तांब्याजवळ गेला. कापलेल्या काडीच्या खालचा डोळा मोहरीएवढा फुगून लाल झाला होता.

यात चमत्कार काही नव्हता. शेंडा आपल्यातून एक रस सतत खाली पाठवतो आणि त्यामुळे खालचे डोळे झोपून राहतात. शेंडा कापला की रस थांबतो आणि डोळे जागे होतात. जयवंत हे आयुष्यभर करत आला होता. पण रेघेवर त्यानं ते पहिल्यांदा पाहिलं.

त्यानं फोन हर्षदासमोर ठेवला. ती बराच वेळ बघतच नव्हती. मग बघू लागली. मग तिनं चष्मा मागितला.

“चिमटा काढलाच नव्हता तुम्ही?”

“विसरलो.”

“म्हणजे ओरडलं नाही ते,” ती हळू म्हणाली. “भोंगा वाजवला. खालच्यांना उठवायला.” ती पुन्हा सुळक्यावरून उतारापर्यंत बोट फिरवू लागली. दवाखान्यात एक्स-रे बघताना तिच्या कपाळावर पडायची ती आठी जयवंतला तीन वर्षांनी दिसली.

त्यानंतर जे झालं ते संपूर्ण हर्षदाचं होतं. जयवंतच्या डोक्यात ते सात जन्मांत आलं नसतं. दुसऱ्या दिवशी तिनं दुसरा चिमटा मागवला. कातडीवरच्या घामातूनही असाच विजेचा बारीक प्रवाह मोजता येतो, माणूस घाबरला की तो बदलतो, हे तिला कॉलेजपासून माहीत होतं. तिनं दातांच्या कामाची मऊ चांदीची तार चिमट्याच्या तोंडाला गुंडाळली आणि चिमटा स्वतःच्या डाव्या तळव्याला लावला. पडद्यावर आता दोन रेघा होत्या, तांब्याची आणि तिची. यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार? त्यानं तिलाही वेलच समजून लगेच सल्ला पाठवला: ‘प्लॉट हर्षदा: पाण्याचा ताण जास्त. ठिबक सुरू करा.’

ती हसली. आवाज फुटत नव्हता, पण खांदे हलले. जयवंत स्वयंपाकघरात जाऊन उगीचच नळ सोडून उभा राहिला.

पहिल्या दिवशी तिनं फक्त वाळकी काडी कापली. दोन्ही रेघा चढल्या. तिच्या कपाळावर घाम, ओठ कोरडे, आणि नजर फोनकडे, आता वाजेल म्हणून. पळायला वळलेले पाय तिनं तिथंच रोवले. “काही बोलू नका,” ती दातांवर दात ठेवून म्हणाली. “मी ठीक आहे असं अजिबात म्हणू नका.” जयवंत ओठ आवळून उभा राहिला. आजवरच्या आयुष्यात इतकं अवघड काम त्यानं केलं नव्हतं.

आणि रेघा उतरल्या. आधी गुलाबाची, मग पुष्कळ वेळानं तिची.

“माझ्याआधी शांत झाला तो,” ती थकून मटकन खाली मातीत बसत म्हणाली. “लाज आणली मेल्यानं.”

रोज थोडं थोडं. कधी हिरवी काडी, कधी बोटाएवढी फांदी. सगळं सरळ झालं असं नव्हे. मध्ये दोन दिवस ती पुन्हा पाठ करून खुर्चीवर बसली, चहावर साय धरली आणि जयवंतच्या मनात आलं की संपलं सगळं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच उठली. ती शूर होती म्हणजे घाबरत नव्हती असं नाही. ती रोज मरणाची घाबरायची आणि रोज तिथंच उभी राहायची. जयवंतनं आयुष्यात पैलवान पाहिले होते, सापाच्या शेपटीला हात घालणारे पाहिले होते. बायकोएवढं धाडसी माणूस आपण पाहिलेलं नाही, हे त्याला बागेच्या कोपऱ्यात झारी घेऊन उभं असताना कळलं, आणि त्याला तिचा इतका अभिमान वाटला की झारीतलं पाणी पायावर सांडलेलं समजलं नाही.

तांब्याची मुख्य फांदी तेवढी राहिली होती. तीच फांदी, जी सुहास गेला तेव्हा कापली होती आणि नंतर तिथूनच पुन्हा वाढली होती. काळं आता बुंध्यापासून वीतभर अंतरावर येऊन ठेपलं होतं.

“उद्या,” हर्षदा म्हणाली. “पण तुम्ही घरी नकोत. तुम्ही डोळ्यांसमोर असलात तर त्यात काय मोठं? तुम्ही शेतावर जा. ट्रॅक्टर चालवा. आणि फोन करायचा नाही.”

“आणि तू?”

“मीपण नाही करायचा.”

जयवंत गेला. ट्रॅक्टरवर बसला, दोन ओळी केल्या आणि उतरला. मग न राहवून त्यानं पडदा उघडला. दोन्ही रेघा जिवंत होत्या. तिची थोडी वर, थरथरत. मग तांब्याची रेघ उसळली, असा सुळका त्यानं कधीच पाहिला नव्हता. कापलं! तिनं कापलं! पाठोपाठ हर्षदाची रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली आणि तिथंच राहिली. गुलाब उतरू लागला. ती उतरेना. जयवंत मनातल्या मनात तिला हात देत होता, उतर गं, उतर. शेवटी रेघ एकदा खाली डुलली, पुन्हा चढली, पुन्हा डुलली.

आणि नाहीशी झाली.

‘प्लॉट हर्षदा: संपर्क नाही.’

ती पडली असेल. चक्कर आली असेल. हातात धारदार सिकेटर आहे. हृदयाचं काही? सुहासला कोण होतं जवळ? त्याचा अंगठा तिच्या नावावर गेला. नुसती रिंग द्यायची. एकच. तिनं ‘बरं’ म्हटलं की बस.

आणि त्याला उमगलं की हेच ते. ती तीन वर्षं ज्याच्यात राहिली ते घर हेच. कोरडी पडलेली जीभ, काहीतरी झालंच आहे अशी ती काळी खात्री, आणि फोन केला की सुटलो असं वाटायला लावणारी ती लालूच. आपण वाजवलेला फोन तिच्या कानावर कसा पडेल, तेही त्याला आत्ता कळलं. कापलं आणि फोन वाजला. पुन्हा.

त्यानं फोन बांधावर उलटा ठेवला. त्याच्यापासून चार पावलं लांब जाऊन वेलीच्या तारेला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. वेलींवर नुकतेच डोळे फुटत होते. तो एकेक डोळा बघत राहिला. बराच वेळ गेला. मग केव्हातरी त्याच्या लक्षात आलं की तार आपण आता तितकी घट्ट धरलेली नाही. तो ट्रॅक्टरवर चढला आणि उरलेल्या ओळी त्यानं पूर्ण केल्या. कशा केल्या हे तोच जाणे.

संध्याकाळी फाटक उघडून तो तडक मागे गेला. मागच्या अंगणात छाटलेल्या फांद्यांचा कमरेएवढा ढीग पडला होता. सगळीच्या सगळी बाग बोडकी, गुडघ्याएवढी झाली होती, आणि प्रत्येक कापल्या जागेवर, बुरशी लागू नये म्हणून लावतात त्या बोर्डो पेस्टचा निळा ठिपका होता. मधोमध तांब्या, जेमतेम वीतभर उरलेला. हर्षदा पायरीवर बसून हातातले काटे काढत होती. केसांत पानं, गालावर ओरखडा.

“अगं, रेघ!” जयवंत तिच्याकडे धावला. “तुझी रेघ गेली होती!”

“चिमटा काढून टाकला मी. एवढ्या फांद्या कापायच्या, दोन्ही हात नकोत का?” मग ती त्याच्याकडे नीट बघू लागली. “रेघ गेलेली दिसली तुम्हाला?”

“दिसली.”

“आणि फोन नाही केलात?”

जयवंतनं नकारार्थी मान हलवली. हर्षदा उठली, त्याला हाताला धरून तिनं पायरीवर बसवलं. शेजारी पडलेला चांदीच्या तारेचा चिमटा उचलून तिनं त्याच्या मातीनं माखलेल्या तळव्याला लावला आणि फोन त्याच्यापुढे धरला. रेघ ताडकन वर गेली.

“अगं बाई,” ती म्हणाली. तिनं त्याचा दुसरा हात आपल्या मांडीवर घेतला. “बसा आता इथंच. उतरेपर्यंत उठायचं नाही.”